मानेमागची जागा

घणसोलीत आमच्याकडे हळदीला
आधी डीजे ठरतो, मग ड्रोनवाला मी,
धवलारीण सगळ्यात शेवटी.
मांडवावर हे चार पात्यांचं पाखरू
किती उंच नेलं की बायकांच्या माखलेल्या हातांचा
एकच झेंडू होतो
हे मला डोळे मिटून ठाऊक.

तसलाच एक व्हिडिओ बघून
परकार मॅडमनी बोलावलं.
म्हणाल्या, देवमाशावर उडवशील?
मला वाटलं, मस्करी.

तालीम दिवाळ्याच्या जेट्टीवर.
खाडीत देवमासा कुठला,
ओहोटीला फ्लेमिंगोच काय ते चिखल चाळतात.
मग धर्मा कोळ्याच्या होडीत
आंब्यावर औषध मारायचा पंप ठेवला.
तो दांडा हाणी, फस्स करून पाणी उडे,
आणि मी ड्रोनला चिकटवलेली काचेची बशी
त्या तुषारांतून न्यायची,
निजलेल्या माणसावर पांघरूण घालावं
इतक्या हळू.
अकरा वेळा चुकलो.
बाराव्या वेळी बशीला घाम आला.
धर्मा म्हणाला, माझाच श्वास घ्या की,
तंबाखू तरी सापडेल.

हात लावायचा नाही, सुई टोचायची नाही.
एवढा थोरला जीव,
आणि त्याचं दुखणं-खुपणं
बशीभर वाफेत वाचायचं.

मग देवगडसमोर सतरा दिवस.
दोनदा दिसला.
त्याबद्दल मला नीट सांगता येत नाही.
पाणी निळं होतं,
त्यातला एक तुकडा जास्त निळा झाला
आणि त्यानं श्वास सोडला.
वास कुजक्या कोबीचा.
देव असला तरी.

बेलापूरला, तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात
तो पडद्यावर पालथा पडलेला.
नाकापासून शेपटीपर्यंत आडव्या रेघा मारायच्या,
प्रत्येक रेघेची रुंदी लिहायची.
मॅडम म्हणाल्या, पोट नको बघूस, पोट फसवतं.
मानेमागे बघ.
खंगायला लागला की चरबी आधी तिथली उतरते,
भुईमुगाच्या शेंगेसारखा मध्येच आत जातो.
याचं बरंय, म्हणाल्या.
आणि चहा सांगितला.

वैशाखात गोठिवलीची हळद.
कार्डात जागा हवी म्हणून
जुनं फुटेज पुसत बसलो होतो,
गेल्या सालचं, त्याच्या आदल्या सालचं.
दोन्हीकडे मधोमध चांगुणाआत्या.
धवला म्हणणारी आमच्यात आता ती एकटीच,
आणि ती गाते तेव्हाही स्पीकर कुणी बंद करत नाही,
म्हणून दोन ओळींमध्ये ती थांबते
हे कुणाला ऐकू गेलेलं नाही.
मलाही नाही.

मी वरून बघत होतो.
चौकट थांबवली.
चौरंग तोच, घरोघर फिरणारा,
त्याच्यावरून माप धरलं,
तिच्या खांद्यांवरून रेघ ओढली.
पुन्हा ओढली.
हात चुकला असेल म्हणून तिसऱ्यांदा.

रात्री साडेअकराला फोन केला.
आत्या, जेवतेस ना नीट?
"मना कय झालाय? रातभर नाचले नं!"
मग हसली, मग खोकली,
मग काहीच बोलली नाही.
फोनमधून तिचा श्वास येत राहिला
आणि मी मोबाइल धरून उभा,
बशी धरल्यासारखा,
हलू नये म्हणून.

आज नेरूळला घेऊन चाललोय.
रिक्षा रबाळ्याच्या सिग्नलला थांबलेली.
तिनं खिडकीबाहेर कंपन्यांच्या धुराड्यांकडे बघत विचारलं,
"तुला रं कोनी सांगला?"

काय सांगू.
वरून दिसलं, म्हणालो.

तिनं पदर ओढून घेतला,
नेमका तिथे.